शाल, श्रीफळ आणि एक दात

महापालिकेची निवडणूक तोंडावर आली आणि आमच्या नारायण पेठेतल्या नागरिक मंचाला एकदम देशाच्या सीमेची काळजी वाटू लागली. आमच्या गल्लीतल्या गटाराचं झाकण वर्षभर तुटलेलं होतं, त्यात एका दूधवाल्याची मोटरसायकल जाऊन त्याचा पाय मोडला होता, पण जाहीर कार्यक्रमाचा विषय ठरला ‘बाहेरून येणारे आणि आश्रय मागणारे : उमेदवारांची भूमिका’. प्रभागातल्या उमेदवारांनी एका व्यासपीठावर बसायचं, प्रत्येकाने आपलं धोरण सांगायचं आणि मग नागरिकांनी प्रश्न विचारायचे. ज्यांना एक झाकण बसवता येत नाही त्यांना आम्ही परदेशी माणसांचं काय करायचं ते विचारणार होतो. बैठकीत मी हे असंच्या असं बोलून दाखवलं. अध्यक्षांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि आपला मुद्दा नोंदवून घेतला आहे असं सांगितलं. पुण्यात याचा अर्थ ‘खाली बसा’ असा होतो.

मी मुलींच्या शाळेत खेळाची शिक्षिका होते. लाठी, लेझीम, कबड्डी. माझा हात आधी चालतो आणि तोंड मागून, हे पेठेत सगळ्यांना माहीत आहे. बसमध्ये एकाने अंगचटीला यायचा प्रयत्न केला तेव्हा मी त्याचं बोट मोडलं होतं आणि अजूनही त्याचा मला आनंद वाटतो. मला सगळे नुसतं ‘बाई’ म्हणतात. माझ्या मागच्या खोलीत राहणारी काबूलची मुलगीही मला बाईच म्हणायची.

ती औषधशास्त्र शिकायला आली होती. शिक्षण चालू असतानाच तिकडे राजवट बदलली, शिष्यवृत्ती थांबली, आणि तिच्या गावात मुलींना वर्गात जायलाच बंदी झाली. दोन वर्षांपूर्वी आई आजारी म्हणून ती एकदाच जाऊन आली होती. त्याबद्दल ती बोलत नसे. एकदा साडीसारखी सलवार वर खोचून फरशी पुसत होती तेव्हा मला तिच्या पोटऱ्यांवरचे वळ दिसले. बाजारात ती घरातल्या पुरुषाशिवाय उभी होती म्हणून तिला केबलने मारलं होतं, भर रस्त्यात, आणि भाऊ सोडवायला धावला तर त्याच्या तोंडावर बंदुकीचा दस्ता घातला होता. टोमॅटोचा भाव सांगावा तशा आवाजात तिने मला हे सांगितलं. मी विचारलं, मग तू काय केलंस. ती म्हणाली, “काय करणार बाई? उभी राहिले.” माझ्या हातात कढई होती. ती मी ओट्यावर अशी आपटली की कढईचा कान तुटला.

तिच्या पासपोर्टची मुदत संपली होती आणि तो नवा करून देणारं कोणी उरलं नव्हतं. इथे राहण्याच्या परवान्याला मुदतवाढ मिळावी म्हणून तिने अर्ज केला होता, आणि एका तिसऱ्या देशाने आसरा द्यावा म्हणूनही. माझी एक जुनी विद्यार्थिनी वकील आहे. तिने आम्हा दोघींना समोर बसवून बजावलं होतं की हिच्या नावावर पोलिसांत काहीही होता कामा नये, भांडणाची साधी तक्रारसुद्धा नको. तक्रार झाली तर मुदतवाढ धोक्यात, आणि मुदतवाढ गेली तर परत पाठवणी. परत म्हणजे कुठे, ते तिच्या पोटऱ्यांवर लिहिलेलं होतं. तेव्हापासून रस्ता रिकामा असला तरी ती सिग्नलला हिरवा माणूस लागेपर्यंत उभी राही. पुण्यात अशा माणसाला वेडं समजतात. मागचे रिक्षावाले तिला शिव्या घालत आणि ती मान खाली घालून ऐकून घेई.

आता आमच्या अध्यक्षांविषयी. नागरिकशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, सरळ माणूस. कार्यक्रम सहाला म्हणजे सहाला, आणि सत्काराशिवाय कार्यक्रम म्हणजे त्यांच्या लेखी मिठाशिवाय वरण. आमच्याकडे वक्त्याचा सत्कार होतो, वक्त्याची ओळख करून देणाऱ्याचा होतो, आणि माइकवाल्याला पुष्पगुच्छ तरी मिळतोच. सरांच्या डोक्यात आलं की आश्रयावर चर्चा करायची आणि आश्रय मागणारं माणूस सभेत नसावं हे बरं दिसत नाही. तेव्हा काबूलच्या मुलीचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करावा. तिचा एक शोधनिबंध नुकताच छापून आला होता, तेवढं निमित्त पुरे.

मी त्यांना साफ नाही म्हणून सांगितलं. आवाज चढवून सांगितलं. मला वाटलं विषय संपला. पण मी मंडईत गेले असताना ते घरी आले, तिच्या हातचा चहा प्याले आणि तिला रीतसर निमंत्रण देऊन गेले. घरी आलेल्या वडीलधाऱ्या माणसाला नाही म्हणणं तिच्याकडे जमत नाही. मी परतले तर ती म्हणाली, बाई, सर स्वतः आले होते, मी हो म्हटलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी सरांच्या दारात जाऊन त्यांना नाही नाही ते बोलले. ते शांतपणे म्हणाले की तिच्याकडे लोकांनी आदराने बघावं एवढीच त्यांची इच्छा आहे. खरं सांगते, त्यांच्या मनात दुसरं काही नव्हतं. म्हणूनच मला त्यांना जास्त मारावंसं वाटलं.

कार्यक्रम वाचनालयाच्या वरच्या सभागृहात होता. चार उमेदवारांना बोलावलं होतं, दोन आले. एक खराडीच्या आयटी कंपनीतली नोकरी सोडून निवडणुकीला उभा राहिलेला तरुण. तो अर्ध्या इंग्रजीत पॉलिसी, फ्रेमवर्क आणि डेटा याबद्दल बोलला आणि कोणालाच राग येणार नाही याची त्याने काळजी घेतली. दुसरे माजी नगरसेवक. ते एकटे आले नव्हते. त्यांच्याबरोबर वीसेक पोरं होती, गळ्यात एकसारखे पंचे, आणि ती सगळी मागे न बसता दोन्ही बाजूंना भिंतीला टेकून उभी राहिली. एवढं बघूनच मी माझी पिशवी शेजारणीच्या मांडीवर ठेवली. हात मोकळे असलेले बरे.

माजी नगरसेवकांनी खडकवासल्यापासून सुरुवात केली. धरणात पाणी किती, आपल्या नळाला येतं किती, मग मधलं पाणी जातं कुठे? तर बाहेरच्यांच्या घशात. मग भाडी का वाढली, पोरांना नोकऱ्या का नाहीत, रात्री बायका-मुली सुरक्षित का नाहीत, सगळ्याचं उत्तर तेच. पाणी पाइप फुटून रस्त्यावरून वाहतं हे त्या सभेतल्या प्रत्येकाने त्या सकाळी चप्पल भिजवून पाहिलेलं होतं. तरीही लोक टाळ्या वाजवत होते. शेवटी त्यांनी आवाज खाली आणला. म्हणाले, मी निवडून आलो तर घराघरातून शोधून काढीन आणि केसाला धरून बाहेर आणीन, मग तो पुरुष असो की बाई. माझ्या शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी, जे वाचनालयात वर्तमानपत्राचं पान जोरात उलटलं तरी चिडतात, त्यांनी मान डोलावली. मी त्यांना कोपर मारलं. त्यांना लागलं असावं.

आणि नेमकं इथे, सगळी हवा तापलेली असताना, आमच्या सरांनी सत्कार ठेवला होता. भाषणं आणि प्रश्नोत्तरं यांच्या मध्ये. म्हणजे चर्चा कोरडी होणार नाही.

तिने हिरवा लांब सदरा घातला होता, डोक्यावर ओढणी. सरांनी तिच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला. दहा-बारा जणांनी टाळ्या वाजवल्या. इथवरच झालं असतं तर ती खाली उतरली असती, मी तिला हाताला धरून घरी नेलं असतं आणि हे लिहायची वेळ आली नसती. पण आमच्याकडे सत्काराला उत्तर द्यावं लागतं. सरांनी माइक तिच्या तोंडासमोर धरला आणि दोन शब्द बोलण्याची विनंती केली. मी तिला आधीच बजावलं होतं की नुसतं धन्यवाद म्हण आणि खाली ये. पण समोर एवढे लोक नीट बसून ऐकतायत हे तिच्या आयुष्यात बहुतेक पहिल्यांदाच घडत होतं.

“मी काबूलची आहे,” ती मराठीत म्हणाली, आणि प्रत्येक शब्द जागेवर ठेवत गेली. “पुण्याने मला शिकवलं. माझा पासपोर्ट संपला आहे. नवा कोणी देत नाही. मी अर्ज केला आहे. परत गेले तर मला मारतील. साहेब म्हणाले केसाला धरून बाहेर काढणार. साहेब, मला आधी कोणी कोणी मारलं आहे. तुम्ही पहिले नाही.”

 मग भिंतीपासून आरोळी उठली की पासपोर्ट नाही म्हणजे घुसखोर, व्यासपीठावर घुसखोराचा सत्कार. बाकीची पोरं ओरडू लागली. खुर्च्या पाडल्या गेल्या. माजी नगरसेवक व्यासपीठावर बसल्या जागी हसत होते. त्यांनी हात वर करून ‘बस’ एवढं म्हटलं असतं तर ती पोरं जागच्या जागी थांबली असती. ते टेबलावरचा पाण्याचा पेला उचलून शांतपणे पाणी पिऊ लागले.

एकजण उडी मारून वर चढला. पंचविशीचा असेल, दंड भरलेले. त्याने तिच्या खांद्यावरच्या शालीला हात घातला.

“बाहेरच्या लोकायले शाल कायले पायजे? उतरव थे.”

बोली ऐकून मला कळलं की हा वाशीम-अकोल्याकडचा, पेठेत जास्तीत जास्त गेल्या दिवाळीला आलेला. पण तेव्हा हसायला वेळ नव्हता. मी खुर्च्यांवरून पलीकडे निघाले होते. मध्ये आलेल्याच्या नडगीवर लाथ घातली, दुसऱ्याला घडीच्या खुर्चीने बाजूला केलं. कोणीतरी माझा अंबाडा मागून ओढला आणि माझी मान मागे गेली. मी मागे न बघता कोपर चालवलं आणि काहीतरी मऊ लागलं. सर मध्ये पडले तर कोणीतरी त्यांना ढकललं, त्यांचा चष्मा पडला आणि कोणाच्या तरी बुटाखाली चुरडला. उद्घाटनाची समई कलंडली आणि तेलावरून दोघे घसरले.

त्या पोराने शाल ओढली. शालीबरोबर तिची ओढणी आली, आणि ओढणीबरोबर त्याच्या मुठीत तिचे केस. त्याने केसांना हिसका दिला. मी तोवर व्यासपीठाच्या पायरीपाशी पोचले होते, दोन हातांच्या अंतरावर, म्हणून मी जे पाहिलं ते अगदी नीट पाहिलं. ती क्षणभर तशीच उभी राहिली, बाजारात राहिली असेल तशी. मग तिने नारळ दोन्ही हातांत घट्ट धरला, डोक्याच्या वर नेला आणि त्याच्या तोंडावर हाणला. सगळ्या अंगाने हाणला. मी मुलींना आयुष्यभर तेच शिकवत आले, नुसत्या मनगटाने मारू नका, पायापासून मारा. नारळ फुटला नाही. त्याचा पुढचा दात तुटला आणि ओठ नाकापर्यंत फाटला. तो केस सोडून गुडघ्यावर आला. तिने नारळ पुन्हा उचलला.

मी तिचं मनगट धरलं. तिचे डोळे मी त्याआधी कधी तसे पाहिले नव्हते. ती मलाही मारील असं वाटलं. मी नारळ तिच्या हातातून हिसकावून घेतला, तिला पडद्यामागे ढकललं आणि मागच्या जिन्याने घरी जा, दार लाव, असं ओरडले. मग वळले तेव्हा माझ्या हातात रक्ताळलेला नारळ होता आणि समोर तोंड धरून बसलेला तो पोरगा. तेवढ्यात कोणीतरी मोबाइल वर केला. मारण्याच्या क्षणी पुढच्या रांगा उभ्या राहिलेल्या होत्या आणि सगळ्या चित्रफितींत नुसत्या पाठी दिसतात. पण माझा तो अवतार मात्र स्वच्छ आला आहे.

पोलीस चौकीत फौजदार साहेबांनी विचारलं, कोणी मारलं. मी म्हटलं, मी. तो पोरगा तोंडाला फडकं लावून मान हलवत होता आणि त्या पोरीनं मारलं असं सांगायचा प्रयत्न करत होता. माजी नगरसेवक त्याच्या पाठीवर हात ठेवून तेच मोठ्याने सांगत होते. त्यांना ती मुलगीच हवी होती. साठी ओलांडलेल्या मास्तरणीने दात पाडला यात त्यांना मतं नव्हती. साहेब म्हणाले की दात तुटला म्हणजे गंभीर दुखापत, गुन्हा दाखल होणार, तेव्हा नाव नीट ठरलं पाहिजे. मग ते सरांकडे वळले. सर व्यासपीठावर तिच्या शेजारीच उभे होते.

आमचे सर खोटं बोलत नाहीत. सभेला उशीर झाला तर ट्रॅफिकचं कारणसुद्धा सांगत नाहीत, मला निघायला उशीर झाला असं म्हणतात. चष्म्याशिवाय त्यांचे डोळे लहान आणि ओले दिसत होते. कपाळावर टेंगूळ आलं होतं. 

“मी शेजारी होतो,” ते म्हणाले. “बाईंनी मारलं. यांच्या स्वभावाची आपण पेठेत चौकशी करू शकता.”

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. माझा अंबाडा सुटलेला, पदर फाटलेला, हाताला रक्त. गुन्हा माझ्या नावावर दाखल झाला आणि रात्रीच मला जामिनावर सोडलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, सगळी पेठ झोपलेली असताना, त्या पंचेवाल्या पोरांतली चारजणं आमच्या इमारतीत आली. आधी खिडकीची काच फोडली, मग दारावर लाथा घालू लागली. काबूलची मुलगी आतून दाराला कपाट लावत होती. मी माझी लाठी काढली आणि मागच्या बाजूने, शेजारणीच्या गच्चीतून, त्यांच्या पाठीवर जिन्यात आले. जिना अरुंद, त्यांना वळता येईना. पहिल्याच्या मांडीवर, दुसऱ्याच्या खांद्यावर, मग मोजलं नाही. ते एकमेकांवर पडत खाली गेले. एकाची चप्पल मागे राहिली. तो मार माझा, अगदी खराखुरा, आणि त्याची तक्रार त्यांनीही केली नाही आणि मीही केली नाही. माझ्या तक्रारीत तिचं नाव आलं असतं.

त्या दोन प्रसंगांनी मी पेठेत मोठी झाले. भाजीवाली कोथिंबीर फुकट घालू लागली. जुन्या विद्यार्थिनींचे फोन आले. वाचनालयातले ते पान उलटण्यावर चिडणारे गृहस्थ म्हणाले की बाई, नारळाने दात पाडलात, कमाल केलीत. येणारे जाणारे घरी चहाला बसत आणि मला तो फटका पुन्हा पुन्हा सांगायला लावत. मी सांगत असे, कारण सांगणं भाग होतं. आणि खोटं का बोलू, मला ते आवडूही लागलं. चहा ती आणून देई. कप ठेवी आणि आत जाई.

माजी नगरसेवक निवडून आले आणि त्या पोराला विसरले. कोर्टाच्या तारखेला तो एकटा येई. एकदा बाकावर माझ्या शेजारीच जागा उरली होती. तो बसला. ओठावर जाड व्रण होता आणि दाताच्या जागी फट.

“मले मालूम हाये तुमी नाई मारलं,” तो हळूच म्हणाला.

मी म्हटलं, मग सांग जाऊन.

“सांगतलंच होतं. कोनं ऐकलं?” मग म्हणाला की त्याला हे संपवायचं आहे, तारखेच्या दिवशी काम बुडतं. बाईंनी न्यायाधीशांसमोर माफी मागितली तर तो तडजोडीला तयार आहे.

मी नाही म्हणाले. ज्या हाताने केस ओढले त्याची मी माफी मागू? पण घरी आल्यावर माझ्या वकील विद्यार्थिनीने सांगितलं की खटला चालला तर काबूलच्या मुलीला साक्षीला बोलावणारच. मी तिच्याकडे बघितलं. तिला सगळं समजत होतं.

“मी तिथे शपथ घेऊन खोटं नाही बोलणार, बाई,” ती म्हणाली. “विचारलं तर सांगेन, मी मारलं.”

मी तिला ओरडले, समजावलं, हात जोडले. ती हलली नाही. तिच्या मुदतवाढीचा निर्णय कोणत्याही दिवशी येणार होता. म्हणून पुढच्या तारखेला मी उभी राहिले आणि त्या पोराकडे तोंड करून म्हटलं की माझ्या हातून चूक झाली, मला क्षमा करा. आयुष्यात इतकं कडू काही मी गिळलेलं नाही. त्याने खाली बघत मान हलवली. खटला संपला.

मी घरी आले तेव्हा ती भांडी घासत होती. मी सांगितलं, सुटलो, माफी मागितली, आता कोणी तुला बोलावणार नाही. मला वाटलं ती माझ्या गळ्यात पडेल. तिने हातातली थाळी भिंतीवर भिरकावली. थाळी माझ्या कानाजवळून गेली.

“कोणाची माफी?” तिचा आवाज घोगरा झाला होता. “मला बाजारात मारलं, मी उभी राहिले. भावाला मारलं, मी उभी राहिले. एकदा हात उचलला. एकदाच, बाई. तो तुम्ही घेतला. सगळी गल्ली तुम्हाला शाबास म्हणते, मी चहा देते. ठीक आहे, मला जगायचं आहे. पण माफी? ती मी कधी मागितली नसती.”

  मी खाली बसून थाळी उचलली. तिला पोचा आला होता. मुलगी रडत नव्हती, आणि मी तिच्या जवळ जायला धजले नाही. मी तिला वाचवलं होतं, ते खरंच होतं, आणि ते करताना तिच्याकडून काय काढून घेतलं हे माझ्या तोवर ध्यानातही आलं नव्हतं.

मुदतवाढ आली. पुढच्या हिवाळ्यात एका थंड देशाने तिला आसरा दिला. निघताना तिने मला वाकून नमस्कार केला, आपल्या पद्धतीने, आणि मग मिठी मारली. टॅक्सीत बसल्यावर काच खाली करून म्हणाली, “मी तिथे पक्की झाले की सगळ्यांना सांगा, बाई. तोवर नको.” मी हो म्हटलं.

गेल्या आठवड्यात तिचा फोन आला. तिकडचे कायमचे कागद तिच्या हातात पडले होते. खिडकीबाहेरचा बर्फ दाखवला, प्रयोगशाळेतला पांढरा कोट दाखवला. मग फोन चेहऱ्याजवळ आणला आणि म्हणाली, “बाई, आता सांगा.”

मी आधी सरांना कळवलं. माझ्या जबाबाचं काय होईल ते होवो, आपण लिहा, असं ते म्हणाले. म्हणून सांगते. भाजीवालीला, विद्यार्थिनींना, वाचनालयातल्या त्या गृहस्थांना, कोर्टाला ऐकायचं असेल तर कोर्टालाही. त्या संध्याकाळी व्यासपीठावर नारळाने दात पाडला तो मी नाही. तिने पाडला. पायापासून जोर लावून, दोन्ही हातांनी, आणि मी अडवलं नसतं तर दुसराही पाडला असता. मला दिलेली सगळी शाबासकी तिची आहे. आणि माफी मागायचा मला काही अधिकार नव्हता, तेव्हा ती मी परत घेते.